उपकारात बांधलेली बंदूक

हाँगकाँगच्या चित्रपटांत सुपारी घेणारा पुरुष आणि सुपारी घेणारी बाई यांच्यात एक फरक असतो. तो नेमबाजीतला नाही. पुरुष या धंद्यात कसा आला, हे सहसा कुणी विचारत नाही. जॉन वू यांच्या ‘द किलर’मध्ये (१९८९) चाव युन-फॅट पडद्यावर येतो तो मुरलेला मारेकरी म्हणूनच. त्याची तत्त्वं, मैत्री आणि पश्चात्ताप सगळं त्याचं स्वतःचं. बाईला मात्र कुणीतरी घडवलेलं असतं. ‘ब्लॅक कॅट’च्या (१९९१) नायिकेला कागदोपत्री मारून तिच्या मेंदूत चिप बसवली जाते, ‘नेकेड किलर’च्या (१९९२) नायिकेला एक वयस्क मारेकरीण आसरा देते, नवी ओळख देते आणि तिच्याकडून खून करवून घेते.

या घडवण्याचा सगळ्यात निष्ठुर हिशेब ‘बियाँड हायपोथर्मिया’ (१९९६) मांडतो. दिग्दर्शक पॅट्रिक लेउंग, निर्माते जॉनी टो. वू चिएन-लिएन हिने रंगवलेल्या नायिकेला नाव नाही. कंबोडियात अनाथ झालेल्या या मुलीला एका बाईने वाचवलं, वाढवलं, नेम धरायला शिकवलं. कामं ती ‘मावशी’च ठरवते. नायिकेच्या शरीराचं तापमान ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे तुमच्याआमच्यापेक्षा पाच अंश कमी. वैद्यकशास्त्रात ३५च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. हात जड होतात, बुद्धी मंदावते. खऱ्या जगात अशा बाईच्या हातून नेम साधणं कठीण. तेव्हा हा आकडा वैद्यकीय नव्हे, मालकीचा आहे. हत्याराला ऊब लागत नाही, हे पटवण्यासाठी तो तिच्या अंगावर लिहिला आहे.

आपल्याकडची विषकन्या याच जातीची. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाने चंद्रगुप्तासाठी धाडलेली विषकन्या चाणक्य मित्रराजा पर्वतकाकडे वळवतो. दोन मुत्सद्द्यांच्या डावात ती इकडून तिकडे होते, आणि नाटकात तिला प्रवेशही नाही, नावही नाही.

हाँगकाँगच्या नायिकेला निदान भूक आहे. काम उरकलं की ती लाऊ चिंग-वानने रंगवलेल्या दुकानदाराच्या साध्या नूडल्सच्या दुकानात जाऊन बसते. दुकानदार बडबड्या, भाबडा. ती कोण, हे त्याला ठाऊक नाही. तिच्याकडून काही करवून न घेता तिला खाऊ घालणारा हा पहिलाच माणूस. मावशीनेही खाऊ घातलं होतं, पण प्रत्येक घास वहीत मांडून. चित्रपट १९९७मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याआधी वर्षभर आला, म्हणून या निनावी बाईत ते शहरच पाहण्याचा मोह होतो. त्या वाचनात तथ्य असेल. पण ते घाईने पत्करलं तर ही बाई पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला जुंपली जाते.

मारेकरी बाई चीनच्या कथापरंपरेत पूर्वीपासून आहे. नवव्या शतकातला लेखक पेइ शिंग याच्या नावावर असलेल्या कथेतल्या न्ये यिन्न्यांगला दहाव्या वर्षी एक भिक्षुणी पळवते आणि पाच वर्षांत तिला तयार करून परत आणून सोडते. इथवर साचा तोच. पण पुढे यिन्न्यांग आरसे उजळणाऱ्या एका माणसाशी आपल्या मर्जीने लग्न करते. ज्याला मारायला धाडलं, त्याची योग्यता पाहून त्याचाच पक्ष धरते, आणि शेवटी कुणाला न विचारता निघून जाते. होऊ श्याओ-श्येन यांच्या ‘द असॅसिन’मध्येही (२०१५) ती मारायला नकार देते.

म्हणजे अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कथेने बाईला जी मोकळीक दिली, ती १९९६च्या चित्रपटाला देता आली नाही. तिथला शेवट रक्तातच होतो. यात चित्रपटाचा भित्रेपणा मला दिसत नाही, त्याची नजर दिसते. पळवून नेणाऱ्या भिक्षुणीचं देणं लागत नाही, म्हणून यिन्न्यांगला बाजू बदलता येते. जीव वाचवणाऱ्या मावशीचं देणं फेडायला जन्म अपुरा पडतो. जुलमाविरुद्ध बंड करण्याची भाषा प्रत्येक समाजात असते. उपकाराविरुद्धच्या बंडाला मात्र आपण कृतघ्नपणा म्हणतो. मुलीला वाढवल्याचा हिशेब तिच्याच हातून वसूल करणारी घरं बंदुकीशिवायही चालतात, आणि ती चालतात ती याच शब्दाच्या धाकावर.