पात्यावरचे नाव

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. चिंच लावून ती घासणे हे आईचे काम, आणि घासलेल्या भांड्यांवरची नावे वाचणे हा माझा लहानपणापासूनचा उद्योग. यंदा ती वाचताना प्रथमच एक गोष्ट ध्यानात आली. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे; ज्या तांबटाने घागर मठारून घडवली त्याचे मात्र कुठेच नाही!

माझी नजर तिकडे वळवली ती एका फिनलंडच्या सुरीने.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त हेलसिंकीजवळ एस्पो येथे राहतो. त्याच्या शेजारच्या आजीबाईंपाशी त्यांच्या वडिलांची एक सुरी आहे. तिकडे अशा सुरीला 'पूक्को' म्हणतात. ती कुणी बनवली ते शोधून दे, म्हणून आजींनी त्याला गळ घातली. संगणकावर काम करणाऱ्या मुलाला काय सापडणार नाही, असे त्यांना वाटले असावे.

मासा साफ करण्यापासून लाकूड कोरण्यापर्यंत तिथे सगळ्या कामांना पूक्को लागते. पण तिचे मोल एवढेच नाही. 'कालेवाला' या महाकाव्यातल्या कुल्लेर्वोची सुरी भाकरीत भाजलेल्या दगडावर मोडते, तेव्हा तो सूडाने पेटतो. कारण बापाची तेवढीच खूण त्याच्यापाशी उरलेली असते.

कर्त्याचा माग काढायचा तो मुठीजवळ पात्यावर मारलेल्या छापावरून. कौहावा हे गाव या धंद्यात नामांकित. ईसाक्की यार्वेनपा याचा तिथला कारखाना १८७९ सालचा, आणि पितळी घोड्याचे डोके असलेली मूठ ही त्या गावाची शान. आजींच्या सुरीला घोडा नव्हता. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. त्याच्या सालीच्या चकत्या एकीवर एक ओवून घट्ट दाबलेली साधी मूठ होती. पाते धार लावून लावून अरुंद झालेले, छाप जवळजवळ पुसलेला. शिवाय पाते विकत आणून मूठ घरी बसवण्याचीही तिकडे चाल आहे. म्हणजे एका सुरीचे कर्ते दोन असायचे!

विद्यार्थ्याने लिहिले, "सर, पहिलं अक्षर 'के'सारखं दिसतंय. कौहावाची म्हणून सांगून टाकू का? आजी नव्वदीच्या आहेत. त्यांना बरं वाटेल, आणि नुकसान कुणाचंच नाही."

मी कादंबऱ्या लिहिणारा. खोटी नावे बेतणे हा माझा धंदाच. 'सांग' असे लिहायला मी बसलोही होतो. पण मला एक जुनी दिवाळी आठवली. शाळेत मातीच्या किल्ल्यांची स्पर्धा होती. सर्वांत सुंदर किल्ल्यावरची चिठ्ठी वाऱ्याने उडाली, आणि मी अंदाजाने एका हुशार मुलाचे नाव पुकारले. किल्ला होता मागच्या बाकावरच्या एका अबोल पोराचा. तो काही बोलला नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या त्याने. मला कळले ते चार दिवसांनी, आणि तोवर बक्षिसाची वही लिहूनही भरली होती.

नुकसान कुणाचेच नाही, हे वाक्य नेहमी गैरहजर माणसाबद्दल बोलले जाते. त्या पात्याचा लोहार अनामिक असेल. पण अनामिक माणसाचे काम नामवंताच्या खाती जमा केले, की त्याचे होते तेवढेही जाते.

मी कळवले, "छाप वाचता येत नाही, असंच सांग. आणि मुठीबद्दल त्यांनाच विचार."

आठवड्याने उत्तर आले. आजी क्षणभर गप्प बसल्या. मग मुठीवर अंगठा ठेवून म्हणाल्या, साल वडिलांनीच ओवली होती. हिवाळ्यात, चुलीपाशी बसून. हे त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते.

आमची घागर काल पुन्हा माळ्यावर गेली. वर देण्यापूर्वी, नावाच्या दुसऱ्या अंगाला जे ठोके दिसतात, त्यांवरून मी एकदा हात फिरवला.