अण्णाच्या पाटावर

संस्थेचा वर्षाचा आढावा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला एक्सेल येतं. त्यापलीकडे माझी काही पात्रता नव्हती. पुण्यात आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांसाठी एक छोटं डे-केअर सेंटर आहे. जुन्या बंगल्याचा तळमजला, तीन खोल्या, मागे जांभळाचं झाड. माझी आजी गेली दोन वर्षं तिथे सकाळी दहा ते चार असते. घरून काम असेल त्या दिवशी तिला सोडायला मी जातो. एकदा त्यांचा प्रिंटर रुसला होता, तो मी चालू करून दिला, आणि तेव्हापासून मी तिथला आयटी विभाग आहे.

दिवाळी झाली की संस्था सगळ्या देणगीदारांना चार पानी आढावा पाठवते. यंदा काय केलं, पैसे कुठून आले, कुठे गेले, दिवाळी कशी झाली. मधली दोन पानं फोटोंची. मला वाटलं, एका शनिवारचं काम आहे. तीन आठवडे लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ एका फोटोवर गेला.

पण आधी आकड्यांबद्दल. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि अशा पैशासाठी फॉर्म भरावा लागतो. एका फॉर्ममध्ये रकाना होता : 'लाभार्थींमध्ये झालेली सुधारणा, टक्क्यांत'. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो. नोकरीत मी दिवसभर आलेखच बघतो. रेषा वर गेली की टाळ्या, खाली गेली की रात्री अकराला कॉल. इथे सगळ्याच रेषा खाली जाणाऱ्या. गेल्या दिवाळीत जे काका पेटीवर दोन बोटांनी सूर धरायचे, ते यंदा पेटी उघडतही नाहीत. ज्या काकू नावानिशी सगळ्यांची चौकशी करायच्या, त्यांना आता घास भरवावा लागतो. दोघं वर्षभरात गेले. या सगळ्याला टक्क्यांत काय म्हणायचं? मी त्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. ती देणगी आली नाही. (खजिनदार काकांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.)

जे पैसे येतात ते वेगळ्याच लोकांकडून येतात. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय असे लोक. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई दर महिन्याच्या एक तारखेला पाचशे रुपये टाकतात. त्यांच्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी दर बुधवारी येऊन त्या सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात. नव्या कररचनेत 80जी ची वजावट मिळत नाही हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. शेजारच्या सोसायटीतल्या पोरांनी यंदा दुपारी चारपर्यंत आमच्या बाजूला फटाके लावले नाहीत. हीसुद्धा देणगीच, पण पावती कशी फाडणार?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. तुमच्या बिल्डिंगमध्येही कुणीतरी असेल. बहुधा त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलं असेल.

सण या लोकांना सोपा जात नाही, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. घराची मांडणी बदलते, अनोळखी माणसं येतात, आवाज होतात. पहिल्या वर्षी कुणीतरी हौसेने दारात गडद रंगांची मोठी रांगोळी काढली होती. एक आजोबा तिच्यासमोर थांबले ते पुढे येईचनात. त्यांना तो खड्डा दिसत होता. आता रांगोळी बाजूला, भिंतीलगत असते, नुसती पांढरी. पणत्या बॅटरीच्या. करंज्या सगळे मिळून भरतात आणि त्यांचे आकार बघण्यासारखे असतात.

आणि हे सगळं करून संध्याकाळी कुणाला विचारावं, आज काय होतं, तर उत्तर येतं : काही नाही. मग कशासाठी?

हा प्रश्न मी तटस्थपणे विचारत नाहीये. गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही सगळे नाशिकला मामाकडे गेलो होतो. आजीला चार तास गाडीत बसवायचं, तिथे ती घाबरणार, आईची धावपळ होणार. मीच म्हटलं होतं, ''तिला तसंही काय कळणारे? मावशींना थांबवू दिवसभर.'' रात्री परत आलो तर आजी चांगली साडी नेसून दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली. कशासाठी बसलीय, तिला सांगता येत नव्हतं. मावशी म्हणाल्या, दुपारपासून उठून उठून तिथेच बसतायत. कारण पुसलं गेलं होतं आणि वाट बघणं तसंच राहिलं होतं.

नंतर वाचलं की हे मोजलं गेलेलं आहे. 2014 साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या काही लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते बहुतेकांना नीट सांगता येईना, पण त्या चित्रफितींनी जागी केलेली भावना मात्र टिकून होती. मी ज्या धंद्यात आहे तिथे लॉगमध्ये नोंद नसेल तर घटना घडलीच नाही असं धरतात. आजीच्या बाबतीतही मी तेच धरलं होतं. खरं तर आपण हा नियम सगळ्यांना लावत नाही. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतो, केक कापतो, आणि त्या पोराला त्यातलं काडीचं आठवणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे कुणी विचारत नाही, काय उपयोग म्हणून.

तर यंदा सेंटरमध्ये भाऊबीज होती. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे, म्हणून पाडव्यालाच उरकली. तिथे कॅलेंडरचा तेवढा जाच नाही. आम्ही चार-पाच पोरं पाटांवर बसलो आणि आज्या एकेक करून ओवाळणार, असा बेत होता. माझी आजी ताम्हन घेऊन आली, मावशींनी खालून हात धरलेला. टिळा लावायला वाकली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

''अण्णा! आलास का रे?''

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. मी शाळेत जायच्या आधीच तो गेला. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय आणि सगळे म्हणतात, कपाळ त्याच्यासारखं आहे.

मी म्हणालो, ''हं.''

एवढंच. अण्णा तिला काय हाक मारायचा तेही मला माहीत नव्हतं, म्हणून पुढे काही बोलता आलं नाही. तिने अक्षता टाकल्या, ओवाळलं, ''वात मोठी कर गं जरा,'' असं मावशींना बजावलं, आणि विचारलं, ''वहिनी नाही आली?'' मी पुन्हा ''हं'' म्हणालो आणि ताम्हनात पाचशेची नोट ठेवली. भाऊबीजेला यम त्याच्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला जातो, ही गोष्ट लहानपणी मला आजीनेच सांगितलेली. पाटावर बसल्या बसल्या तीच आठवली.

त्या 'हं'ने मला बरेच दिवस छळलं. युधिष्ठिराचं 'नरो वा कुंजरो वा' निदान वाक्य तरी होतं, आणि तरीही त्याचा रथ जमिनीला टेकला. मी सेंटरच्या ताईंना विचारलं. त्या वीस वर्षं हे काम करतायत आणि नीतिशास्त्रात त्यांना फारसा रस नाही. म्हणाल्या, ''अण्णा गेला हे तिला सांग तू. तिला ते आजच कळेल. रडेल. उद्या विसरेल. परवा परत विचारेल, परत सांग. किती वेळा मारायचाय तुला तो माणूस?''

मला हे पटतं. पण पूर्ण नाही पटत. कारण या रस्त्याने गेलं की कुठे थांबायचं ते कळत नाही. आजी खूश राहावी म्हणून अण्णा व्हायचं, मग जेवावी म्हणून कुणी डॉक्टर व्हायचं, मग सही करावी म्हणून कुणी बँकेचा माणूस. शेवटचं मी रचलेलं नाही, अशा घटना घरोघर होतात. फरक हेतूचा आहे म्हणावं, तर हेतू तपासणारं एकमेव माणूस, म्हणजे जिच्याशी खोटं बोलतोय ती, तपासायच्या स्थितीत नाही. इतर खोटं पकडलं जाण्याची भीती तरी असते. इथे ती नाही, म्हणून जास्त जपून राहायला हवं, एवढं मला कळलंय. तो 'हं' मी पुन्हाही म्हणेन.

आता तो फोटो. त्या क्षणी कुणीतरी काढला. आजी ताम्हन धरून, तोंडभर हसत, डोळ्यांत पाणी. अंगात मॅक्सी, त्यावर शाल, केस सुटलेले. इतका चांगला फोटो संस्थेकडे वर्षभरात निघाला नव्हता. ताई म्हणाल्या, पहिल्या पानावर घे. आई म्हणाली, घे की, किती गोड दिसतायत. नियमाप्रमाणे कुटुंबाची संमती पुरते, आणि कुटुंब म्हणजे आम्हीच.

पण माझी आजी तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. गॅलरीत दूधवाल्याशी बोलायचं तरी आधी पदर सारखा करायची. मॅक्सीतला, मोकळ्या केसांचा फोटो शेकडो अनोळखी घरांत जाणार हे त्या बाईला कळलं असतं, तर तिने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला असता. आणि आत्ताची आजी? तिला मॅक्सी आवडते. ती त्यात मोकळी असते.

यातल्या कुणाला विचारायचं? या प्रश्नावर तत्त्वज्ञांचं चांगलंच भांडण झालेलं आहे. रोनाल्ड ड्वॉर्किनने 1993 च्या 'लाइफ्स डोमिनियन' या पुस्तकात मार्गो नावाच्या बाईचं उदाहरण घेतलं. तिला अल्झायमर होता, ती रहस्यकथेची पानं कुठूनही उघडून वाचायची, आणि तिला भेटणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला ती फार सुखी वाटली होती. ड्वॉर्किनचं म्हणणं असं की माणूस शुद्धीत असताना आपल्या आयुष्याला जो आकार देतो, त्याचा शब्द शेवटचा. रिबेका ड्रेसर या कायद्याच्या अभ्यासिकेने त्याला विरोध केला : समोर जी मार्गो बसलीय, जिला आत्ता बरं वाटतंय किंवा दुखतंय, तिचं हित आधी बघा. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवायची सोय आहे. पण माझा फोटो कुठल्या कपड्यांत छापा, हे कोण लिहून ठेवतं?

दोघांचंही वाचून मी जिथे होतो तिथेच राहिलो. मग एका दुपारी मी फोन आजीसमोर धरला.

तिने बराच वेळ पाहिलं. ''छान हसतेय,'' म्हणाली. ''कोण गं बाई ही?''

''आजी, हा फोटो छापू का? पेपरात येतो तसा?''

''मला काय विचारतोस?'' ती म्हणाली. ''तिला विचारलंस का?''

मी फोटो घेतला नाही. खजिनदार काका चिडले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. चेहरा नसलेल्या पत्रकाला देणग्या कमी येतात, आणि देणग्यांतूनच मावशींचे पगार होतात. ज्या मावशींनी आजीचा हात खालून धरला होता, त्यांचाही. मी आजीचा पदर सांभाळला आणि त्याचं बिल कदाचित त्यांच्याकडे पाठवलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्या पानावर वाकड्या करंज्यांचं ताट आहे. मधल्या पानांवर ज्या सभासदांनी स्वतः, त्या दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी विचारल्यावरही, हो म्हटलं अशा तिघांचे फोटो आहेत. 'वर्षभरात काय साधलं' या मथळ्याखाली मी सेंटर किती दिवस उघडं होतं तो आकडा लिहिला.

पाडव्याच्या दिवसाचं एक मात्र आढाव्यात बसलं नाही. चार वाजता मी आजीला रिक्षाने घरी घेऊन निघालो. सगळा रस्ता ती गप्प होती, प्रसन्न. घराशी उतरलो, मी तिचा हात धरून फाटकापर्यंत आणलं, तेव्हा तिने मूठ उघडली. आत पाचशेची नोट, घामाने मऊ झालेली. तिने ती माझ्यापुढे धरली.

''किती झाले तुमचे रिक्षाचे?''

मी म्हटलं, ''सुट्टे नाहीत हो माझ्याकडे.''

''राहू द्या मग,'' आजी म्हणाली. ''दिवाळी आहे.''