तबकडीवर नाव कोणाचं?

वर्धा

चि. भाच्यास,


पुण्यात तू रेकॉर्ड प्लेअर घेतलास हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. आता तू विचारतोस, ‘मामा, बिग स्टारसारखं पॉवर पॉप आपल्याकडे कुणी वाजवायचं का? त्यांच्या तबकड्या कुठे मिळतील?’ फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसलो. उन्हाळा आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, तेव्हा पत्र लांबलं तर वर्ध्याच्या उन्हाला बोल लाव.

आधी तुझ्या बिग स्टारबद्दल. पॉवर पॉप हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडनं 1967 साली स्वतःच्या गाण्यांसाठी वापरला. तीनेक मिनिटांचं गाणं, खणखणीत गिटार, दोघातिघांनी मिळून उचललेलं ध्रुवपद आणि एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून न जाणारी चाल. मेम्फिसच्या या पोरांनी ते फार सुंदर केलं. पहिला अल्बम 1972 मध्ये आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि लोक दुकानात गेले तर तबकडीच नाही! वितरणाचा पार बोजवारा उडाला होता. दहा हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. त्यांच्यातला ख्रिस बेल 1978 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. पुढे 1987 मध्ये रिप्लेसमेंट्स नावाच्या बँडनं बिग स्टारच्या अ‍ॅलेक्स चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, तेव्हा नव्या पिढीनं विचारलं, हा कोण? म्हणजे बिग स्टार विसरले गेले ते गाणी पडली म्हणून नव्हे, माल दुकानात पोचला नाही म्हणून. आपल्या बँडांची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेव. मात्र आपल्याकडे माल मुळात फारसा तयारच झाला नाही.

आपल्याकडे पॉवर पॉप असं कुणी म्हणत नव्हतं. ‘बीट ग्रुप’ म्हणायचे. शॅडोज आणि बीटल्स ऐकून मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर, शिलाँग इथल्या कॉलेजातल्या पोरांनी 1960 नंतरच्या दशकात बँड काढले. आयातीवर निर्बंध होते, परदेशी गिटार मिळवायची तर कुणाचा तरी काका जहाजावर असावा लागे. बाकीच्यांची मदार कलकत्त्याच्या गिबटोन गिटारवर आणि ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकनं जोडून दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर.

तू यातला एक बँड पाहिलेला आहेस, तुला ठाऊक नाही इतकंच. ‘गुमनाम’ (1965) मधलं ते सुरुवातीचं क्लबमधलं गाणं आठवतं? आवाज रफीसाहेबांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचं, डोळ्यांवर मुखवटा लावून बेभान नाचणारी लक्ष्मी छाया. मागे ड्रमवर मोठ्या अक्षरात नाव रंगवलेलं आहे : टेड लायन्स अँड हिज कब्ज. आमच्या पिढीनं तो सिनेमा टॉकीजमध्ये पाहिला, पण ड्रमवरचं नाव वाचायला नजर हटणार कुठून! 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाची सुरुवात याच गाण्यानं झाली आणि मग तिकडचे संग्राहक विचारू लागले, हा बँड कोणता?

असे प्रश्न विचारले गेले म्हणूनच पुढचं सगळं सापडत गेलं. त्यातलं सर्वांत नामांकित घबाड म्हणजे ‘सिमला बीट’. इंपिरियल टोबॅको कंपनीची सिमला नावाची सिगारेट होती. तिच्या जाहिरातीसाठी कंपनीनं देशभर बँडांची स्पर्धा घेतली, अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंदमध्ये. 1970 आणि 1971 च्या स्पर्धेतल्या बँडांच्या दोन एलपी निघाल्या. मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगलोरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेंटोन्स. स्वतःचा अल्बम काढायचं यांतल्या बहुतेकांच्या नशिबी आलं नाही. सिगारेटच्या जाहिरातीतून उरलेला हा आवाज, आणि आज त्याच्या मूळ प्रतींसाठी युरोपातली माणसं आपल्या पगाराएवढे पैसे मोजतात. तंबाखूनं कलेची केलेली एवढी एकच सेवा मला माहीत आहे. (आणि हे पत्र दारूबंदीच्या जिल्ह्यातून, सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावरून लिहिलं जातंय हेही ध्यानात घे.)

तुला खरं सांगू? त्या दोन तबकड्यांतलं सगळंच काही थोर नाही. बराच भाग परदेशी गाण्यांची नक्कल आहे, काही ठिकाणी गायकाचा उच्चार इंग्रजाहून इंग्रज व्हायला जातो आणि फसतो. दुर्मीळ म्हणजे चांगलं, हा संग्राहकांचा आवडता समज आहे. तू त्याला बळी पडू नकोस. पण मधेच एखादं स्वतःचं गाणं येतं, गिटारवाला आपला हात सोडतो, आणि आपण प्लेअरची सुई उचलून परत मागे ठेवतो. त्या दोन-तीन मिनिटांसाठी शोधायचं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे अस्सल मराठी नाटकवाल्यांच्या घरातला. आणि हा पठ्ठ्या ‘व्हेल्वेट फॉग’ नावाच्या रॉक बँडचा गायक! 1974 मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं, त्यात तो ज्यूडास झाला. चार वर्षांनी पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात नंदू भेंडे नट म्हणूनही होता आणि संगीतातही त्याचा वाटा होता. मराठी रंगभूमीवर रॉक शिरला तो या दारानं. आणि पुढे 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये कृष्णाला पृथ्वीवर ये म्हणून बोलावणारं जे गाणं आहे ना, तो आवाज त्याचा. आपल्या गल्लीत जन्माष्टमीला ते वाजलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. नाचणाऱ्याला विचार, कोण गातंय? मिथुन, असं उत्तर येईल. 2014 मध्ये नंदू भेंडे गेला. त्या आवाजावर गल्ल्याच्या गल्ल्या नाचल्या आणि नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

मुंबईचे सॅव्हेजेस तुला आवडतील. आशा पुथळी हिनं अमेरिकेत नाव काढण्याआधी त्यांच्याबरोबर गाऊन तबकडी केली होती. आणि अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट ऐकच. त्यांचा एकुलता एक अल्बम ‘ऑब्सेशन 77’ बाजारात आला तोवर बँड मोडला होता. कोण विकत घेणार? कोण वाजवून दाखवणार? लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीनं तो 2011 मध्ये पुन्हा काढला तेव्हा कुठे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना जाग आली. या बँडांच्या काळावरचं सिद्धार्थ भाटिया यांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक 2014 चं आहे. ते मिळव. मळवलीला 1971 मध्ये ‘स्नेहयात्रा’ नावाचा संगीतमेळा झाला होता. तुझ्या पुण्याहून लोकलनं जाता येतं अशा ठिकाणी. तुझ्या मित्रांना विचारून पाहा, एकाला तरी ठाऊक आहे का.

आता एक गोड गोष्ट, नाहीतर म्हणशील मामा नुसता रडतो. चरणजीत सिंग हे सिनेमासंगीतातले वादक. त्यांनी 1982 मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक एलपी केली. चालली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, 2010 मध्ये त्यानं ती पुन्हा छापली, आणि शिकागोत अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मायच्या कितीतरी आधी मुंबईत कुणी हे करून बसलंय म्हणून जग चक्रावलं. सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपात जाऊन वाजवून आले. 2015 मध्ये ते वारले, पण कौतुक जिवंतपणी कानावर पडलं. असं नशीब फार थोड्यांचं. जुनी तबकडी हातोहात विकली जाते तेव्हा पैसा विकणाऱ्याला मिळतो, वाजवणाऱ्याला छदाम नाही. पुनर्मुद्रण निघालं, करार झाला, तरच त्याच्यापर्यंत काही पोचतं. म्हणून मूळ प्रतीची हाव धरू नकोस. नीट करार करून काढलेली नवी प्रत घे.

जुन्या घेशील त्याही भिंतीवर टांगायला नकोत. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली; सुरेश चांदवणकर हे भौतिकशास्त्राचे माणूस तिचं काम वर्षानुवर्षं बघत आले. या मंडळींकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी की ते तबकडी वाजवण्याआधी वाचतात. लेबलवरचा क्रमांक, गाणी संपल्यावर आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला आकडा, पाकिटामागची बारीक अक्षरं, कुणी पेननं लिहिलेली तारीख. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. हे वहीत उतरवून ठेवायची सवय लाव. तबकड्या उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस; आपल्याकडच्या मे महिन्यात आडव्या ठेवलेल्या विनाइलची पुरी होते. आणि 78 ची जुनी तबकडी कधीही स्पिरिटनं पुसू नकोस. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

आता खरं कामाचं. मुंबईच्या बँडांना शोधायला डच आले, अमेरिकन आले. वर्ध्याला कोण येणार आहे बावा? कॅसेट आली तेव्हा आपल्या विदर्भातही घरोघरचे गाणारे रेकॉर्ड झाले : खंजिरी भजनं, कव्वालीचे मुकाबले, भीमगीतं, लग्नातल्या बँजो पार्ट्या. दीक्षाभूमीवर दसऱ्याला कॅसेटींचे गठ्ठेच्या गठ्ठे विकले जायचे. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, कव्हरवर गायकाचा फोटो, आणि ढोलकी, बँजो, कीबोर्ड वाजवणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा नाहीतच. त्यांतले पुष्कळ वादक अजून हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळीत हयात आहेत, कुणी पानठेला चालवतो, कुणी नातवंडं सांभाळतो. कॅसेट वाजवली तर ते बोटानं दाखवून सांगतील, हा मी, हा अमका. पाच-दहा वर्षांनी सांगणारं कुणी उरायचं नाही. सॅव्हेजेसची तबकडी तुझ्याआधी हजार जणांनी शोधलीय, या कॅसेटींना अजून कुणी हात लावलेला नाही.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आणि कॅसेटवरून आवाज उतरवायची वायर घेऊन ये. कॅसेट लावण्याआधी आतला फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते बघायचं, पेन्सिलीनं पट्टा घट्ट करायचा, बुरशी दिसली तर लावायचीच नाही. ते मी दाखवीन. माझा जुना टेपरेकॉर्डर चालतो. आर्वीच्या मावशीकडे माळ्यावर कॅसेटींची लोखंडी पेटी आहे आणि तिनं दिवाळीच्या सफाईत ती कबाड्याला द्यायचं ठरवलंय. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. आजच फोन कर.

तुझा,
मामा