टीरचा उजवा हात

ओडिन आणि थोर ही नॉर्स देवांची नावे सिनेमांमुळे आता आपल्याकडच्या मुलांनाही पाठ झाली आहेत. टीर मात्र मागे राहिला. तो एका हाताचा देव. दुसरा हात कसा गेला, ते आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसॉनने १२२० च्या सुमारास रचलेल्या ‘एडा’ ग्रंथात सांगून ठेवले आहे.

फेनरिर हे लोकी या देवाचे अपत्य, लांडग्याच्या रूपातले. देवांनी त्याला आपल्याच घरी वाढवले, पण जवळ जाऊन त्याला खाऊ घालण्याची छाती एकट्या टीरची. पिल्लू दिवसागणिक थोराड होऊ लागले आणि याच्याच हातून आपला घात होणार, असे भाकीत देवांना अस्वस्थ करू लागले. ‘तुझे बळ दाखव’ म्हणत त्यांनी त्याला दोनदा साखळदंडांनी बांधले. दोन्ही त्याने तोडले. मग बुटक्या कारागिरांकडून त्यांनी एक नवा बंध करवून घेतला. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी अशा सहा जिनसांचा तो बंध रेशमी फितीइतका मऊ होता. फेनरिरला संशय आला. तो म्हणाला, “बांधा खुशाल. पण यात कपट नाही याची हमी म्हणून तुमच्यापैकी एकाने माझ्या तोंडात हात ठेवावा.”

देव एकमेकांकडे बघत राहिले. कोणीच पुढे येईना. शेवटी टीरने आपला उजवा हात त्या जबड्यात ठेवला. बंध आवळला गेला, लांडग्याने जिवाच्या आकांताने धडपड केली, बंध तुटला नाही. सगळे देव हसले. टीर तेवढा हसला नाही. त्याचा हात गेला होता.

स्नोरी आणखी एक गोष्ट सांगतो. देवांनी लांडग्याला ठार का केले नाही? आपली पवित्र स्थाने त्याच्या रक्ताने विटाळू नयेत म्हणून. रक्ताचा विटाळ त्यांना चालत नव्हता, दिलेला शब्द मोडणे मात्र चालून गेले. टीरही त्या कपटात सामील होता, हे विसरता येत नाही. ज्याला स्वतःच्या हाताने भरवले, त्यालाच त्याने फसवले. फरक एवढाच की, खोट्याची किंमत असते हे तो जाणून होता आणि ती त्याने स्वतः मोजली. इतरांना तीच सुरक्षितता फुकटात मिळाली.

तीही कायमची नव्हे. राग्नारोकच्या, म्हणजे देवांच्या विनाशाच्या दिवशी फेनरिर सुटतो आणि प्रत्यक्ष ओडिनला गिळतो. कपटाने संकट टळले नाही, फक्त लांबले.

घरात, गावात, कचेरीत ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ म्हणून असे निर्णय रोज होतात. कोणाला तरी गोड बोलून गप्प करायचे असते, कोणाला तरी वाटेतून दूर करायचे असते. ते काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडते, ज्याच्यावर समोरच्याचा विश्वास आहे. काम फत्ते होते, बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मधल्या माणसाचे तुटलेले नाते मात्र त्याचे त्यालाच सोसावे लागते, आणि त्याची विचारपूस करायला पुढे कोणी फिरकत नाही.

आज असा एखादा निर्णय आपल्यापुढे आला, तर मान डोलावण्याआधी त्याची किंमत कोण मोजणार आहे ते विचारा. उत्तरात आपले नाव नसेल, तर निदान हसणाऱ्यांत सामील होऊ नका.