थांबणे भाग होते तेव्हा

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना एक विषय आमच्या कानी वारंवार पडतो. वडीलधारी मंडळी जुन्या फियाटच्या किंवा अँबॅसडरच्या प्रवासाविषयी बोलू लागली, की त्यांच्या मुद्रेवर वेगळेच तेज येते. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेसाठी पुण्याहून नाशिकरोडला निघालेली गाडी. पुढच्या सलग आसनावर तिघे, मागे आजी आणि चार मुले, मांडीवर जेवणाचे डबे. खेडचा घाट चढून मंचर मागे टाकले, की नारायणगावचा थांबा ठरलेला. तेथे चहा व्हायचा, हंगामाची द्राक्षे घेतली जायची आणि इंजिनाला विसावा मिळायचा. शेवटी एक वाक्य येतेच : ‘फादर, ते दिवस आता राहिले नाहीत.’

वाचकहो, नेमके काय राहिले नाही? अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही निवृत्त झाली. परंतु यंत्रासाठी माणूस इतका हळहळत नाही.

त्या गाड्यांचा स्वभाव आठवून पाहावा. घाटात रेडिएटरमधील पाणी उकळू लागे. तापलेले झाकण लगेच उघडणे धोक्याचे. ते निवेपर्यंत झाडाखाली बसण्यावाचून गत्यंतर नसे. उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडे. मग पंपावर ओले फडके ठेवायचे. पाण्यासाठी जवळच्या मळ्यावर जावे लागे. अनोळखी शेतकरी बादलीभर पाणी देई आणि ‘कुठले पाव्हणे?’ म्हणून चौकशीही करी. गाडी ढकलताना रुसलेले भाऊही एकत्र येत. सहवास, सहनशीलता, परक्यापुढे हात पसरण्याची नम्रता हे सारे त्या प्रवासात आपोआप घडे. कारण ते टाळण्याची सोयच नव्हती.

म्हणून त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते २००० साली. बहुतेक गाड्यांना आसनपट्टे नव्हते. शिवाय गाडी होती तरी किती घरी? नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बहुसंख्य कुटुंबे एसटीच्या लाल गाडीत दाटीवाटीने उभी राहूनच यात्रेला जात. पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा बरे होते असे म्हणू नये, हा उपदेशकाचा इशारा येथे ध्यानी घ्यावा. संत ऑगस्टीन यांनीही आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात स्मृतीचे एक आश्चर्य नोंदविले आहे : गेलेले दुःख माणूस आनंदाने आठवू शकतो. तेव्हा आठवण गोड आहे, एवढ्यावरून तो काळ चांगला होता असे सिद्ध होत नाही.

मग या हळहळीत काहीच अर्थ नाही का? आमच्या मते आहे. ती काल काय होते यापेक्षा आज काय हवे आहे, हे अधिक सांगते. आज गाडी तापत नाही. नारायणगावला बाह्यवळण झाले आहे. गावात न शिरताच ते ओलांडता येते. मागच्या आसनावर प्रत्येकाचा पडदा वेगळा, प्रत्येकाचे संगीत वेगळे. कुणाला कुणाकडे पाणी मागावे लागत नाही. ही सोय पाप नव्हे. आजारी आजीला ती वरदानच वाटेल. मात्र अडचण जे आपल्याकडून करवून घेत होती, ते आता आपल्याला स्वेच्छेने करावे लागेल. नाइलाजाने जडलेली सवय आणि सद्गुण यांतील भेद येथेच कळतो.

भल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचे जनावर थकले होते किंवा त्याची वाट अडली होती, असे लूक कुठेही म्हणत नाही. पुढे निघून जाणे त्याला सहज शक्य होते. याजक आणि लेवी तसे गेलेच होते. तरीही तो थांबला.

पुढच्या यात्रेला निघाल तेव्हा बाह्यवळण सोडून गावात शिरा. गाडी सुरळीत चालू असतानाच थांबा. मुलांना कानातील यंत्रे काढायला सांगा, आजीला बोलते करा. आणि रस्त्याकडेला कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, तर पाण्याची बाटली घेऊन खाली उतरा.