अव्यावहारिक ऋण

नागपूरच्या महालातील जुन्या वाड्यांच्या वाटणीचे कज्जे चालविणाऱ्या वकिलांना मिताक्षरा या हिंदू धर्मशास्त्रग्रंथाचा एक नियम तोंडपाठ असे: बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य खरे, परंतु ते द्यूतात, मद्यपानात, म्हणजे अनीतीच्या कामी उडविलेले असेल, तर त्या अव्यावहारिक ऋणातून पुत्र मुक्त होतो. नियम न्याय्यच होता, कारण तसल्या कर्जाने घरात काही येत नसे. पण ज्या अनीतीचा लाभ थेट घरात आला, तिचे काय?

आज याच महालातील सुखवस्तू गृहिणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी करून घेते. लहानशा ब्रशावरचा नमुना द्रवाच्या कुपीत पडतो, कुपीवर नावाची चिठ्ठी चिकटते, आणि अहवाल निर्दोष आला की घरदार निश्चिंत होते. या निश्चिंतीला आधार देणाऱ्या पुराव्यांत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे स्थान फार मोठे आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांचा सहभाग असलेल्या त्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. ज्यांना ही तपासणी एकदाच मिळाली त्यांच्यातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि हे निम्मे कोणाच्या मानाने, तर तुलनेसाठी ज्यांची तपासणी केलीच नाही अशा ३१,४८८ स्त्रियांच्या, ज्यांच्यापैकी ६४ जणी त्या रोगाने गेल्या.

संशोधक क्रूर नव्हते, हे नमूद केलेच पाहिजे. या स्त्रियांना रोगाची माहिती दिली होती, तपासणीसाठी कोठे जावे तेही सांगितले होते. त्यांची सबब एवढीच, की या देशात तपासणी न होणे हाच रिवाज, आणि रिवाजाहून कमी कोणाला काही दिलेले नाही. टीकाकारांनी यावर कठोर आक्षेप घेतले. मला खुपते ते निराळे. हा रिवाज संशोधकांनी पाडलेला नव्हता. सरकारी दवाखान्यांच्या तरतुदीत हात आखडणाऱ्या अंदाजपत्रकांना ज्यांनी कधी जाब विचारला नाही, त्या आपण सर्वांनी तो पाडला; म्हणजे प्रयोगाला मंजुरीचा दाखला आपल्या अनास्थेने दिला आणि फळही आपल्याच पदरात पडले. असले ऋण अव्यावहारिक म्हणून झटकण्याची सोय मिताक्षरेतही सापडायची नाही.

तपासणी नाकारून ते ऋण फिटत नाही. ६४ पैकी एकही परत येत नाही, उलट पासष्टावीची तेवढी भर पडायची. फेड एकच, तो रिवाज मोडणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र, आयुष्यात एकदा तरी या कर्करोगाची कोणतीही तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया शंभरात जेमतेम दोन निघाल्या. उद्या कोणी तोच प्रयोग नव्याने मांडला, तर तीच सबब पूर्वीइतकीच खरी ठरेल.