छत्र : दान की ऋण?

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना एक प्रश्न विचारतो. श्राद्धादि पुण्यकर्मांत छत्र आणि उपानह, म्हणजे छत्री आणि पादत्राणे, यांचे दान करण्याची चाल आहे. ती कोणी सुरू केली, आणि का? शरशय्येवरील भीष्मांनी उत्तरादाखल जमदग्नी आणि रेणुका यांची कथा सांगितली. माहूरच्या गडावर आणि सौंदत्तीच्या डोंगरावर जिच्या दर्शनास आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली, तीच ही रेणुका.

जमदग्नी ऋषी धनुष्य घेऊन बाण सोडण्याची क्रीडा करीत होते, आणि सोडलेला प्रत्येक बाण रेणुका जाऊन आणून देत होती. ज्येष्ठाचे दिवस, सूर्य माथ्यावर आला. मस्तक आणि पाय पोळू लागले तेव्हा ती क्षणभर एका झाडाच्या सावलीत थांबली, आणि पतीच्या शापाच्या भयाने लगेच निघाली. उशीर का झाला म्हणून ऋषी रागावले. तिने खरे कारण सांगताच त्यांचा कोप सूर्याकडे वळला व त्यांनी त्याला पाडण्यासाठी धनुष्य सज्ज केले. सूर्य ब्राह्मणरूपाने पुढे आला. आपण पृथ्वीचा रस शोषतो, तोच पर्जन्यरूपाने परत देतो, त्यातून अन्न होते व अन्नावर प्राण जगतात. तेव्हा मला पाडून काय लाभ, अशी त्याने विनवणी केली. अखेर तो शरण आला व ऋषी प्रसन्न झाले. पण रेणुकेने तापलेल्या वाटेने सुखाने जावे कसे, हा प्रश्न उरलाच होता. तेव्हा सूर्याने स्वतः छत्र आणि उपानह दिले, आणि यापुढे यांचे दान पुण्यप्रद होईल असे सांगितले.

या कथेतून दानाचे माहात्म्य सांगितले जाते, व ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी आहे की ती कोणीच बोलत नाही. ऋषींचा राग प्रथम रेणुकेच्या विलंबावर पडला, नंतर सूर्याच्या तापावर. भर मध्यान्ही तिला बाण आणावयास धाडले कोणी, हा प्रश्न ना ऋषींनी स्वतःला विचारला, ना सूर्याने त्यांना, ना रेणुकेने. ताप सूर्याचा होता. त्या तापात उभे करणे हे मात्र सूर्याचे कर्म नव्हते. हा भेद एकदा ध्यानी आला म्हणजे पुढचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या कामासाठी जो दुसऱ्याला उन्हात पाठवितो, त्याने दिलेली छत्री हे दान म्हणावे, की फेडलेले ऋण?

आज या प्रश्नाचा भार वाढला आहे, कारण ऊन म्हणजे केवळ ताप नव्हे हे आता आपणांस ठाऊक आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला उष्णही लागत नाहीत. परंतु पेशींत शिरून ते त्यांच्या आनुवंशिक द्रव्यास इजा करतात. शरीर ती इजा बहुधा दुरुस्त करते. जी राहून जाते ती मात्र वर्षानुवर्षे साठत जाते, आणि बालपणी अंगावर घेतलेल्या उन्हाचा हिशेब कधी कधी उतारवयात पुढे येतो. १९९२ साली फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सूर्याच्या किरणांची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांत केली. सूर्याचे उपकार यामुळे कमी होत नाहीत. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्वही त्याच्याच प्रकाशाने त्वचेत तयार होते. त्याने आपल्या उपकाराची आठवण करून दिली आणि सोबत छत्रही दिले, यातील औचित्य येथे कळते.

यावर कोणी म्हणेल, ही गोऱ्या लोकांची व्यथा. आपल्या सावळ्या कातडीला तिचे काय? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अतिनील किरणांना पुष्कळ अंशी अडविते, आणि म्हणूनच त्वचेचा कर्करोग आपल्या देशात गोऱ्या देशांच्या मानाने विरळा आहे. पण विरळा म्हणजे नाहीच असे नव्हे. सावळ्या माणसांत या रोगाचा मेलानोमा हा घातक प्रकार बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो. त्याचे कारण ऊन नसते, आणि तेथे कोणी पाहत नाही म्हणून तो उशिरा कळतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवरही कर्करोग होतो.

आपल्याच चालीरीतींतून हा रोग कसा उपजू शकतो, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासमवेत १९४५ साली दाखविले. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्याच रेषेवर कातडी घासते, तिचा रंग उडतो, आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तोच प्रकार आढळला. काश्मिरात फिरनखाली निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरण्याची रीत आहे. तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच केले होते. धोतर टाका किंवा कांगडी विझवा, असा याचा अर्थ नव्हे. गाठ सैल करावी, तिची जागा बदलावी, आणि न भरणाऱ्या जखमेकडे पाहावे, एवढाच आहे. चालीचा दोष दाखविल्याने चालीचा अपमान होत नाही. छत्री उघडल्याने सूर्याचा होत नाही, तसेच हे.

तथापि या विषयातील खरी कसोटी वेगळीच आहे. काही मुले जन्मतःच रंगद्रव्यावाचून येतात. त्यांचे केस पांढुरके, कांती फिकट, आणि डोळ्यांना उजेड सोसत नाही. आईबापांचा वर्ण सावळा असूनही असे मूल कोणाच्याही घरी जन्मास येऊ शकते. हिंदीत अशा माणसाला ‘सूरजमुखी’ म्हणतात. ज्याने सूर्याकडे तोंड करू नये त्यालाच हे नाव मिळावे, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल. या मुलांस उन्हाने होणाऱ्या कर्करोगाचे भय इतरांहून कित्येक पटींनी अधिक असते, आणि आफ्रिकेतील उष्ण देशांत त्यापायी पुष्कळजण तरुणपणीच दगावतात. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी येथे त्यांच्यासाठी ऊनरोधक मलम तयार करून ते विनामूल्य वाटले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली १३ जून हा दिवस या लोकांविषयी जाणीव जागविण्यास नेमून दिला.

आपल्याकडे अशा मुलाच्या वाट्याला दोहोंपैकी एक येते. एक तर लोकलज्जेने त्याला घरात दडवितात. किंवा ‘नियम सर्वांना सारखा’ म्हणून शाळेच्या कवायतीस इतरांबरोबर उन्हात उभे करतात. दुसरी गोष्ट वरवर न्यायाची दिसते, म्हणून तिचा विचार अधिक केला पाहिजे. सूर्य समदर्शी आहे. राजाच्या वाड्यावर आणि कोळ्याच्या खोपटावर तो सारखाच तळपतो, आणि हेच त्याचे देवत्व. पण त्याची समता मनुष्याने जशीच्या तशी उचलली तर तिचे क्रौर्य होते. सूर्य आपला ताप आवरून घेऊ शकत नाही. आपण कोणाला कोठे उभे करावे, हे मात्र आपल्या हाती आहे. सर्वांचे मोल सारखे मानावे आणि ज्याची जशी काया तशी सावली द्यावी, हा मनुष्याचा समभाव होय.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. धुक्याच्या देशांतून गेलेली गोरी माणसे तेथील प्रखर उन्हात वसली, आणि आज त्या देशात दर तिघांपैकी दोघांना सत्तरीच्या आत त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो, असे तेथील आरोग्यसंस्था सांगतात. १९८१ साली तेथे सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, असा घोष सुरू झाला. पुष्कळ प्राथमिक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळणे नाही, असा नियम आहे. लक्षात घेण्यासारखे हे की, ज्याने त्याने आपापले पाहावे, असे म्हणून तो समाज थांबला नाही. सावली ही सार्वजनिक बाब ठरली.

आपल्या घरांतही छत्री वापरली जाते; पण पुष्कळदा मुलगी काळवंडेल, स्थळ येणार नाही, या धास्तीने. छत्री तीच असली तरी संकल्पाने तिचे फळ बदलते. ज्या भावनेने ती उपवर मुलीवर धरली जाते, त्याच भावनेने उन्हात राबून रापलेल्या चेहऱ्याकडे तुच्छतेने पाहिले जाते. आरोग्यासाठी धरलेली सावली दुसऱ्यापर्यंत पोहोचते. गोरेपणासाठी धरलेली आपल्यापुरतीच राहते. प्रारब्धात असेल ते होईल, असे म्हणणाऱ्यांनीही एवढे पाहावे की पोळलेल्या रेणुकेला जमदग्नींनी प्रारब्धाचा उपदेश केला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माघापासून वैशाखापर्यंत गोव्यात नेरूल, रायबंदर, आगरवाडा येथील मिठागरांत माणसे खाऱ्या पाण्यात पाय रोवून मीठ ओढतात. रापण ओढणाऱ्यांना वरून सूर्य भाजतो, आणि कोरडी वाळू अतिनील किरणांचा सुमारे सातवा हिस्सा पुन्हा तोंडावर फेकते. देवळाच्या जीर्णोद्धाराचे चिरे भर दुपारी वाहून आणणारी माणसेही आपलीच. आपल्या ताटातील मीठ, आपले मासे, आपला सभामंडप, हे सारे कोणी तरी उन्हातून आणून दिलेले बाण आहेत. हे मान्य असेल, तर त्या माणसांना दिलेल्या सावलीला दान म्हणण्यास जीभ अडखळली पाहिजे. दान देणारा थोर ठरतो आणि घेणारा उपकृत होतो; ऋणात थोरवी नसते, आणि ते चुकविले तर दोष लागतो. माझ्या मते ते ऋणच होय, आणि शास्त्राने त्याला दानाचे नाव दिले ते, मनुष्य ऋण चुकवितो पण पुण्याचा लोभ सोडीत नाही, हे ओळखून दिले असावे.

ते फेडणे अवघडही नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते त्या वेळी किरण सर्वांत तीव्र असतात, आणि पातळ ढगांतूनही ते येतात. तेव्हा अंगमेहनतीचे काम सकाळी आणि दिवस कलल्यावर ठेवावे. मधल्या वेळी मांडव, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी द्यावी. देवस्थानांनी प्रदक्षिणेच्या तापलेल्या फरसबंदीवर काथ्या अंथरावा आणि जत्रेच्या रांगेवर मांडव घालावा. शाळेत एखादे फिकट कांतीचे मूल असेल, तर त्याला मागण्याची पाळी न आणता सावलीत बसवावे. काही आठवडे न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखाखालची काळी रेघ, जुन्या व्रणावरची नवी गाठ दिसल्यास वैद्यास दाखवावे. वेळीच कळल्यास लहानशा शस्त्रक्रियेने हा रोग बहुधा बरा होतो. राबणाऱ्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून तो दवाखान्यात जात नाही. ती मजुरी देणे हेही छत्रच आहे.

येत्या ज्येष्ठात आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून छत्रदान होईल. ते अवश्य व्हावे. मात्र पहिली छत्री कोणाच्या हाती द्यावी, हे ठरविण्यापूर्वी आपले बाण कोण आणून देत आहे, तेवढे प्रत्येकाने पाहावे.